रक्ताची पट्टी आणि गुणांचा तक्ता : फिगर स्केटिंगमधील दुखापतींचा न सांगितलेला इतिहास

१/
८ नोव्हेंबर २०१४, शांघाय. फिगर स्केटिंगच्या चीन चषक स्पर्धेत अंतिम फेरीपूर्वीचा सराव चालू आहे. जपानचा ऑलिंपिक विजेता युझुरु हान्यू आणि चीनचा हान यान विरुद्ध दिशांनी वेगात येतात आणि एकमेकांवर आदळतात. हान्यू काही काळ बर्फावरून उठू शकत नाही. हनुवटीतून रक्त वाहते. थोड्याच वेळाने तो डोक्याला पट्टी बांधून परततो, आपला कार्यक्रम सादर करतो, पाच वेळा पडतो आणि रौप्यपदक मिळवतो. हान यानही त्याच अवस्थेत उतरतो.

२/
त्या पट्टीचे छायाचित्र आजही फिरते. त्याखाली ‘जिद्द’, ‘योद्धा’, ‘हार न मानणारा’ असे शब्द असतात. त्या दिवशी हान्यू १९ वर्षांचा होता आणि हान यान १८ वर्षांचा. डोक्याला मार लागलेल्या दोन तरुणांना पुन्हा बर्फावर जाऊ देण्याचा निर्णय कोणी घेतला, हा प्रश्न त्या छायाचित्राखाली क्वचितच दिसतो. हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

३/
मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला बखर आणि अस्सल कागद यांतील फरक ठाऊक असतो. बखर पराक्रम रंगवते. कागद हुकूम कोणाचा, खर्च किती, फायदा कोणाचा हे सांगतो. राजवाड्यांनी बखरीवर विसंबण्याआधी कागद मागितला तो याचसाठी. फिगर स्केटिंगच्या दुखापतींचा प्रचलित इतिहास ही निव्वळ बखर आहे. तिचा अस्सल कागद म्हणजे नियमपुस्तक आणि गुणांचा तक्ता. तो उघडला की ध्यानात येते : या खेळातील बहुसंख्य मोठ्या दुखापती दैवाने घडवलेल्या नाहीत, त्यांना नियमांनी भाव ठरवून दिलेला आहे.

४/
आधी शरीराचा हिशेब. बहुतेक स्केटर डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात आणि प्रत्येक उडीनंतर उजव्या पायावर, मागे सरकत, पात्याच्या बाहेरच्या कडेवर उतरतात. उडी कोणतीही असो, उतरणारा पाय तोच. त्या क्षणी पायावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या ५ ते ८ पट असल्याचे सांगितले जाते. बूट ताठ असल्याने घोटा पुरेसा वाकत नाही. धक्का गुडघा, खुबा आणि कंबर यांच्याकडे चढतो.

५/
अशी एक उडी कोणालाही मोडत नाही. पण सरावात तीच उडी दिवसाला अनेकदा, आठवड्यातील बहुतेक दिवस, वर्षानुवर्षे मारली जाते. मग पावलाच्या किंवा नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते, खुब्याच्या सांध्याची कड फाटते, कण्याचे मणके कुरकुरू लागतात. यात रक्त दिसत नाही, म्हणून छायाचित्रही नसते. बखरीला रक्त लागते. हाडातील चीर तिच्या कामाची नसते.

६/
हे नेहमीच असे होते का? नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या खेळाचा कणा ‘कंपल्सरी फिगर्स’ हा होता. बर्फावर आठ आकड्यासारख्या ठराविक आकृती पात्याने कोरायच्या आणि पंचांनी वाकून त्या रेषा तपासायच्या. एकूण गुणांपैकी ६० टक्के गुण या आकृतींना असत. खेळाडूचा सरावाचा मोठा भाग अशा मंद, जमिनीला धरून राहणाऱ्या कामात जाई. खेळाचे नावसुद्धा या आकृतींवरूनच पडले.

७/
त्या काळातही दुखापती होत्या. अमेरिकेच्या टेन्ली ऑलब्राइटला १९४६ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, पोलिओ झाला. त्यातून ती बरी झाली, १९५२ च्या ऑस्लो ऑलिंपिकमध्ये तिने रौप्यपदक मिळवले. १९५६ च्या कोर्तिना ऑलिंपिकच्या जेमतेम दोन आठवडे आधी सरावात तिचे पाते बर्फातील खाचेत अडकले, ती पडली, आणि तिच्याच डाव्या स्केटच्या पात्याने उजव्या पायाचा बूट चिरून घोट्याजवळ खोल जखम केली. शल्यविशारद असलेले तिचे वडील धावून आले, त्यांनी जखम शिवली. ती उतरली आणि सुवर्णपदक जिंकली. पुढे ती स्वतः शल्यविशारद झाली.

८/
ऑलब्राइटची जखम हा खरा अपघात होता. खाच बर्फात होती, नियमात नव्हती. कोणत्याही गुणतक्त्याने तिला त्या खाचेकडे ढकलले नव्हते. हा फरक ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण पुढील सत्तर वर्षांत बखरीने प्रत्येक जखमेला ऑलब्राइटचीच कथा चिकटवली आणि जखमेचे कारण मात्र दरम्यान बदलून गेले.

९/
बदल कसा झाला, ते पाहा. दूरचित्रवाणी आली. तासन् तास चालणाऱ्या आकृती पडद्यावर कंटाळवाण्या वाटत. उड्या मात्र डोळ्यांत भरत. १९६८ च्या सुमारास आकृतींचा वाटा ५० टक्क्यांवर आला. १९७३ मध्ये ‘शॉर्ट प्रोग्रॅम’ची भर पडली आणि तो ४० टक्क्यांवर घसरला, १९७६ पासून ३० वर. अखेर १९९० च्या हॅलिफॅक्स येथील जागतिक स्पर्धेनंतर आकृती आंतरराष्ट्रीय एकेरी स्पर्धेतून हद्दपार झाल्या. या निर्णयाबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. आकृतींचे पंच काही कमी पक्षपाती नव्हते. पण निर्णयाचा परिणाम मोजला पाहिजे.

१०/
परिणाम असा की जो वेळ रेषा कोरण्यात जाई, तो उड्यांकडे वळला. उड्यांची चढण अशी आहे : १९५२ मध्ये डिक बटनने स्पर्धेत पहिली तीन फेऱ्यांची उडी मारली. १९८८ मध्ये बुडापेस्टला कर्ट ब्राउनिंगने चार फेऱ्यांची पहिली अधिकृत उडी, म्हणजे ‘क्वाड’, पूर्ण केली. २००२ मध्ये मिकी आंदो ही स्पर्धेत क्वाड साधणारी पहिली मुलगी ठरली. २०२२ मध्ये इलिया मालिनिनने साडेचार फेऱ्यांची क्वाड ॲक्सल पूर्ण केली. हवेत मिळणारा वेळ मात्र सेकंदापेक्षा कमीच राहिला. वेळ वाढत नाही तेव्हा फिरण्याचा वेग वाढवावा लागतो, शरीर हलके आणि अरुंद ठेवावे लागते. इथून वयाचा आणि आहाराचा प्रश्न सुरू होतो.

११/
१९९४ कडे वळू. या खेळातील दुखापत म्हटले की जगाला एकच प्रसंग आठवतो : ६ जानेवारीला डेट्रॉइटमध्ये नॅन्सी केरिगनच्या गुडघ्याच्या वर दंडुक्याने केलेला प्रहार. प्रतिस्पर्धी टोन्या हार्डिंगच्या गोटातील माणसांनी घडवून आणलेला हा हल्ला होता. त्यावर चित्रपट निघाले, माहितीपट निघाले. खलनायक सापडला की इतिहास सोपा होतो, म्हणून हा प्रसंग अजरामर झाला.

१२/
पण त्याच लिलेहॅमर ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक कोणाला मिळाले? युक्रेनच्या १६ वर्षांच्या ओक्साना बायुलला. अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी सरावात तिची जर्मनीच्या तान्या शेव्चेन्कोशी टक्कर झाली होती. नडगीला टाके पडले, पाठीला मार बसला, वेदनाशामक इंजेक्शने घेऊन ती उतरली आणि नऊपैकी पाच पंचांच्या कौलाने जिंकली. दंडुक्याची जखम सगळ्यांना पाठ आहे, टक्करीची फारशी कोणाला नाही. कारण टक्करीला खलनायक नव्हता. होती फक्त सरावाची व्यवस्था.

१३/
ती व्यवस्था अशी : सुमारे ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद बर्फावर सहा खेळाडू एकाच वेळी सोडायचे. प्रत्येकाची वाट वेगळी, बहुतेक जण उडीपूर्वी उलटे सरकणारे, म्हणजे मागचे न दिसणारे. स्पर्धेपूर्वी यासाठी सहा मिनिटे मिळतात, त्यामुळे प्रत्येकाला घाई. १९९१ मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत मिदोरी इतो आणि लेतिसिया ह्युबेर अशाच सरावात धडकल्या. १९९४ मध्ये बायुल. २०१४ मध्ये हान्यू. तेवीस वर्षांत एकाच पद्धतीने तीन नामवंत टकरी होतात, तेव्हा चौथीला ‘दुर्दैव’ म्हणणे हा आळस आहे.

१४/
जोडी स्केटिंगचे प्रकरण अधिक गंभीर आहे. जानेवारी १९९६, रीगा. लाटव्हियाकडून खेळणारी येलेना बेरेझ्नाया आणि तिचा जोडीदार ओलेग श्ल्याखोव्ह शेजारी-शेजारी ‘कॅमल’ गिरकी घेत होते. या गिरकीत मुक्त पाय कमरेच्या उंचीवर मागे ताणलेला असतो आणि पाते आडवे फिरते. श्ल्याखोव्हचे पाते तिच्या डोक्यात घुसले. कवटी भेदली गेली. मेंदूवर दोन शस्त्रक्रिया झाल्या. तिची वाचा काही काळ गेली. तिला बोलणे नव्याने शिकावे लागले.

१५/
पुढचा भाग प्रसिद्ध आहे. अंतोन सिखारुलिद्झे तिच्या सोबतीला उभा राहिला, सेंट पीटर्सबर्गला प्रशिक्षक तमारा मोस्कविना यांच्याकडे ती पुन्हा उभी राहिली. १९९८ मध्ये नागानोत रौप्य, २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत सुवर्ण. बेरेझ्नायाचे धैर्य निर्विवाद आहे. पण फेब्रुवारी २००७ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्समध्ये कॅनडाची जेसिका द्युबे तिच्या जोडीदाराशेजारी तीच गिरकी घेत असताना ब्राइस डेव्हिसनचे पाते तिच्या चेहऱ्यावर बसले. अकरा वर्षे. तीच गिरकी, तेच पाते, तेच अंतर. बेरेझ्नायाचे पदक साऱ्यांनी साजरे केले. तिच्या जखमेतून मात्र कोणी काही शिकले नाही.

१६/
आणखी दोन प्रसंग. ऑक्टोबर २००४ मध्ये पिट्सबर्गला माक्सिम मारिनिनच्या डोक्यावर उचललेल्या हातांतून तात्याना तोत्म्यानिना खाली बर्फावर आदळली; मेंदूला धक्का बसला. २००६ च्या तुरीन ऑलिंपिकमध्ये झांग हाओने जोडीदारीण झांग दानला चार फेऱ्यांच्या फेक-उडीसाठी भिरकावले. ती दोन्ही पाय फाकून पडली, गुडघा दुखावला. संगीत थांबले. काही मिनिटांनी ते परतले, उरलेला कार्यक्रम पूर्ण केला आणि रौप्यपदक मिळाले. प्रेक्षागृह उभे राहिले. त्या टाळ्या ऐकणाऱ्या प्रत्येक लहान खेळाडूला एक धडा मिळाला : गुडघा गेला तरी चालेल, थांबू नये.

१७/
आता मुख्य कागद. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी स्पर्धेच्या पंचगिरीचा घोटाळा उघडकीस आला. त्यातून जुनी ‘सहापैकी’ गुणपद्धती मोडीत निघाली आणि २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने, म्हणजे आयएसयूने, नवी पद्धती स्वीकारली. प्रत्येक उडी, गिरकी, पावलांची मालिका यांना ठराविक मूळ किंमत मिळाली. त्यावर सादरीकरणाच्या दर्जानुसार अधिक-उणे. पंचांची मनमानी आवरण्याचा हेतू चांगला होता. पण ज्याला किंमत लिहिली जाते, त्याचा बाजार भरतो.

१८/
हा बाजार एका उदाहरणाने समजतो. २०१८ नंतरच्या तक्त्यात चार फेऱ्यांच्या लुट्झ उडीची मूळ किंमत ११.५ आहे. फेऱ्या पुऱ्या करून खेळाडू आपटला, तर दर्जाचे उणे पाच, म्हणजे निम्मी किंमत, ५.७५ वजा. पडण्याचा दंड आणखी १. उरले ४.७५. तीन फेऱ्यांची टो-लूप उडी नेटकेपणाने मारली, तर मूळ किंमत ४.२. म्हणजे आपटून मिळणारे गुण नीट उतरून मिळणाऱ्या गुणांपेक्षा अधिक! पडण्याचा परिणाम सादरीकरणाच्या इतर गुणांवरही होतो, हे मान्य. तरीही प्रशिक्षक तक्ता वाचतो आणि शिष्याला सांगतो : मार.

१९/
याआधीचा तक्ता तर अधिक उदार होता. कार्यक्रमाच्या उत्तरार्धातील उड्यांना १० टक्के अधिक किंमत मिळे, कारण थकलेल्या पायांनी उडी मारणे कठीण. कठीण म्हणजेच धोक्याचे, हे मात्र कोणी उच्चारले नाही. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये १५ वर्षांच्या अलिना झागितोव्हाने अंतिम फेरीतील सर्व उड्या उत्तरार्धात रचल्या आणि सुवर्णपदक जिंकले. तिने नियम मोडला नाही. तिने नियम नीट वाचला. दोष वाचणाऱ्या मुलीचा नसून लिहिणाऱ्या प्रौढांचा होता. त्याच वर्षी हा अधिभार शेवटच्या मोजक्या उड्यांपुरता मर्यादित करण्यात आला.

२०/
पाठीचेही तसेच. १९८१ ची विश्वविजेती स्वित्झर्लंडची डेनिस बीलमान हिच्या नावाने ओळखली जाणारी गिरकी पूर्वी विरळा होती : मुक्त पाय पाठीमागून धरून डोक्यावर खेचायचा. नव्या पद्धतीत कठीण आकृतिबंधांना वरची पातळी मिळू लागली आणि ज्यांची कंबर तितकी लवचीक नाही अशा मुलीही पाठ वाकवू लागल्या. एका शरीराची देणगी साऱ्या पिढीची सक्ती झाली.

२१/
‘धोका हा खेळाचा भाग आहे, संघटना काय करणार?’ असे म्हणणाऱ्यांनी कोलांटउडीचा इतिहास वाचावा. १९७६ मध्ये अमेरिकेच्या टेरी कुबिकाने ऑलिंपिकमध्ये मागे कोलांटी मारली. संघटनेने लगेच तिच्यावर बंदी घातली. कारण, ती धोकादायक. १९९८ मध्ये नागानोत फ्रान्सच्या सुर्या बोनालीने, टाचेमागची शीर एकदा तुटून सांधलेली असताना, बंदी झुगारून ती मारली आणि एका पात्यावर उतरून दाखवली. तिचे गुण कापले गेले. बंदी उठायला २०२४ उजाडले.

२२/
म्हणजे धोक्याच्या नावाखाली एखादी हालचाल बंद करण्याचा अधिकार संघटनेकडे होता, तो तिने तत्परतेने वापरलाही. मात्र ज्या काळात कोलांटीवर बंदी होती, त्याच काळात चार फेऱ्यांच्या उड्यांवर गुणांची खैरात चालू होती. कोलांटी धोक्याची आणि वाढत्या वयाच्या मुलीच्या पायावर रोज कोसळणारी क्वाड सुरक्षित, हे कोणत्या वैद्यकशास्त्रात बसते? धोक्याची व्याख्या शरीराने केली नाही, दिखाव्याच्या आवडीनिवडीने केली.

२३/
या हिशेबाची सर्वाधिक किंमत मुलींनी मोजली. टारा लिपिन्स्की १९९८ मध्ये १५ व्या वर्षी ऑलिंपिक विजेती. २००० मध्ये खुब्याची शस्त्रक्रिया. युलिया लिप्नित्स्काया २०१४ मध्ये १५ व्या वर्षी सांघिक सुवर्णाची मानकरी. २०१७ मध्ये अनोरेक्सियावरील उपचारांविषयी उघडपणे बोलून निवृत्त. दोनदा विश्वविजेती ठरलेली येव्गेनिया मेद्वेदेवा २०१७ च्या हंगामात पावलाच्या हाडाला चीर असताना खेळत राहिली. यांतील प्रत्येकीचे नाव विजेत्यांच्या यादीत आहे. आणखी किती मुली त्या यादीपर्यंत पोहोचण्याआधीच गळाल्या, त्यांची यादी कोणी ठेवली नाही.

२४/
२०२२ मध्ये बीजिंगला १५ वर्षांच्या कमिला वालियेवाचे उत्तेजक-चाचणी प्रकरण जगाने पाहिले. अंतिम फेरीत ती वारंवार कोसळली. त्यानंतर जूनमध्ये फुकेत येथील अधिवेशनात आयएसयूने वरिष्ठ स्पर्धांसाठी किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर नेले. ठरावाच्या बाजूने १००, विरोधात १६ मते पडली. बाजू मांडताना दुखापती, आहारविकार आणि लवकर येणारे मानसिक थकलेपण यांचा आधार घेण्यात आला. अस्सल कागद हाच. दुखापत नियमाने कमी होऊ शकते, अशी ही संघटनेचीच कबुली आहे. मग आधीच्या मुलींना ‘दुर्दैवी’ का म्हणायचे?

२५/
पहिला आक्षेप : ‘खेळाडूचीच इच्छा असते.’ असते, आणि ती आदरणीय आहे. परंतु मुष्टियुद्धात ठोसा खाऊन डळमळणाऱ्याला पंच विचारत बसत नाही. तो लढत थांबवतो. कारण ज्या मेंदूला मार बसला, त्याच मेंदूकडे निर्णय सोपवता येत नाही. शांघायनंतर तीन आठवड्यांच्या आत हान्यू जपानमध्ये पुन्हा स्पर्धेत उतरला आणि चौथा आला. त्याची इच्छा मोठी होती हे खरे. तिला ‘नाही’ म्हणणारा, पदकाशी देणेघेणे नसलेला माणूस तिथे हवा होता, हेही तितकेच खरे.

२६/
दुसरा आक्षेप : ‘पण ते परत आले ना!’ आले, आणि कसे आले, ते नीट वाचावे. दाइसुके ताकाहाशीच्या गुडघ्याचे लिगामेंट २००८ च्या शरदात फाटले. त्याने तो सबंध हंगाम सोडला. २०१० मध्ये व्हँकुव्हरला कांस्य मिळाले, ऑलिंपिकमध्ये पुरुष एकेरीत पदक मिळवणारा तो पहिला जपानी. त्याच वर्षी तो विश्वविजेता झाला. कॅनडाच्या केटलिन ऑस्मंडचे पायाचे हाड २०१४ मध्ये मोडले. तिचा तो हंगाम गेला, २०१८ मध्ये ती विश्वविजेती झाली. खुद्द हान्यू नोव्हेंबर २०१७ मध्ये घोटा दुखावल्यावर तीन महिने स्पर्धांपासून दूर राहिला आणि प्याँगचांगला सुवर्णपदक राखले, तेही घोटा पुरता बरा नसताना.

२७/
या पुनरागमनांतून दिसते ते एवढेच : बरे होण्यात गैरहजेरीचा वाटा सर्वांत मोठा असतो. सोडलेले हंगाम, नाकारलेली आमंत्रणे, दोन पावले चालण्याचा कंटाळवाणा सराव. बखर हे सारे एका ओळीत गुंडाळते आणि रक्ताच्या पट्टीवर पान खर्च करते. उलट बाजू पाहायची तर २०१४ चे सोची आठवावे. पाठीवर आणि गुडघ्यावर अनेक शस्त्रक्रिया झालेला येव्गेनी प्लुशेन्को सांघिक सुवर्णानंतर एकेरीच्या सरावात एका उडीवर पाठ धरून थांबला आणि स्पर्धेतून बाहेर पडला. त्याच्यावर टीका झाली. आपटून उठणाऱ्याला टाळ्या आणि थांबणाऱ्याला बोल, हा न्याय प्रेक्षकांनी लिहिलेला आहे.

२८/
मागण्या अवघड नाहीत. कोणत्याही संघाशी संबंध नसलेला, खेळाडूला थांबवण्याचा अंतिम अधिकार असलेला डॉक्टर बर्फाच्या कडेला हवा. सरावाच्या गटात खेळाडू कमी हवेत. आपटलेल्या क्वाडची किंमत नीट उतरलेल्या साध्या उडीहून कमी हवी. २०१८ मध्ये क्वाडच्या किमती उतरवल्या गेल्या, पुरुषांच्या अंतिम कार्यक्रमातील उड्या आठवरून सातवर आल्या, तेव्हा खेळ बुडाला नाही. तक्ता माणसांनी लिहिला आहे, माणसे तो बदलू शकतात.

२९/
उरला प्रश्न इतिहासाच्या तरुण वाचकांचा. जखमी खेळाडूचे पुढचे छायाचित्र समोर येईल, तेव्हा ते पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. ही हालचाल करायला किती गुण मिळत होते? थांबवण्याचा अधिकार कोणाकडे होता? आणि अशीच जखम याआधी कोणाला झाली होती? कोणत्याही लढाईच्या बखरीला अभ्यासक हेच प्रश्न विचारतो. बर्फावरच्या लढाईला वेगळी सवलत देण्याचे कारण नाही.

३०/
बेरेझ्नाया, हान्यू, झांग दान यांचे शौर्य या प्रश्नांनी तसूभरही कमी होत नाही. कमी होते ते त्या शौर्याआड लपलेल्यांचे मोठेपण. पुढच्या रौप्यपदकासाठी पुन्हा कोणाचा गुडघा मोडावा लागू नये, एवढा हिशेब इतिहासाने ठेवला तरी पुष्कळ झाले.

(धागा समाप्त)